राडारोड्याची जागा: पुणे महानगर प्रदेश आणि चक्रीय बांधकाम

इमारत पाडल्यावर किंवा पाया खोदल्यावर उरणारे काँक्रीटचे तुकडे, विटा, गिलावा, फरश्या, माती आणि दगड यांना पुण्यात राडारोडा म्हणतात. हा राडारोडा पुन्हा बांधकामात आणणे, आणि मुळातच इमारत अशी उभी करणे की पुढे तिचे भाग सुटे होऊन कामी यावेत, याला चक्रीय बांधकाम म्हणतात. या विषयात यंत्रे, मानके आणि नियम यांवर बरेच बोलले जाते, जागेवर फारच कमी. राडारोडा वजनाला जड आणि मोलाला हलका असतो. त्यातून निघणारी खडी थोडी लांब न्यावी लागली, की वाहतुकीचा खर्चच तिच्या किमतीला गाठतो. त्यामुळे तो कोठे साठवायचा, कोठे दळायचा आणि तयार माल कोणत्या कामावर न्यायचा, हे आधी नकाशावर ठरावे लागते. पुण्यात हा नकाशा एका संस्थेच्या हाती नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका, पुणे, खडकी व देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट बोर्डे, भोवतालच्या नगरपरिषदा आणि शेकडो गावे यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत, आणि डंपर त्या दिवसातून अनेकदा ओलांडतात.

पाडलेल्या घराचे साहित्य नव्या घरात लावणे पुण्याला नवे नाही. पेठांमधले वाडे दगडी जोते, सागवानी खांब आणि तुळया, वर पक्क्या विटांच्या भिंती अशा घडणीचे होते. लाकडाचे सांधे खाचा आणि खुंट्यांनी बसवलेले असत, त्यामुळे वाडा उतरवताना खांब, तुळया आणि कडीपाट अखंड निघत. विटा चुन्यात बसवलेल्या असल्याने ठोकून साफ करता येत. चुना विटेला सोडतो, सिमेंट सोडत नाही. आजही वाडा पाडायला काढला की दारे, चौकटी, गज, घडीव दगड यांना गिऱ्हाईक असते, आणि जुन्या सागवानाचा भाव सुतार जाणतात. पाडकामाचा ठेकेदार कित्येकदा जागामालकाकडून पैसे घेण्याऐवजी त्यालाच पैसे देतो, कारण निघणाऱ्या मालात त्याची कमाई असते. चक्रीय बांधकामाचे मूळ तत्त्व या व्यवहारात पुरेपूर आहे. मात्र हा व्यवहार फक्त मोलाच्या मालापुरता चालतो.

लोखंडाचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. काँक्रीट फोडून काढलेली सळई भंगारवाल्याकडे जाते आणि पुढे भट्ट्यांपर्यंत पोहोचते. जालन्याचा पोलाद उद्योग मोठ्या प्रमाणात भंगार वितळवून नवी सळई बनवण्यावरच उभा आहे. पुणे ते जालना हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक असूनही लोखंडाला ते परवडते, आणि त्यासाठी कोणाला प्रादेशिक योजना करावी लागली नाही. काँक्रीटच्या तुकड्यांना वीस-पंचवीस किलोमीटरही जड जातात. जे साहित्य बाजार स्वतःहून वाहून नेत नाही, त्याच्यासाठीच नियोजनाची गरज पडते. इमारतीच्या वजनात सर्वांत मोठा वाटा याच साहित्याचा असतो.

हे वजन किती, याचा अंदाज घेता येतो. केंद्र सरकारच्या टायफॅक या संस्थेच्या ठोकताळ्यानुसार पक्के बांधकाम पाडले तर दर चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो. नवे बांधताना तो ४० ते ६० किलो असतो. कोथरूड, एरंडवणे किंवा सहकारनगरात पुनर्विकासाला निघालेली पंचवीस सदनिकांची, साधारण २,००० चौरस मीटर बांधकामाची जुनी सोसायटी धरली, तर तिच्यातून ६०० ते १,००० टन राडारोडा बाहेर पडेल. पुणे महापालिकेच्या वाघोली येथील राडारोडा प्रक्रिया प्रकल्पाची क्षमता दिवसाला २५० टन आहे. म्हणजे अशी एकच सोसायटी त्या प्रकल्पाला अडीच ते चार दिवस पुरते. पुनर्विकासाची कामे एका वेळी शहराच्या अनेक भागांत चालतात, आणि सार्वजनिक पाडकामे वेगळीच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या चौकातले उड्डाणपूल, जेमतेम पंधरा वर्षांच्या आसपासचे, जुलै २०२० मध्ये पाडले गेले. चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी उडवला. त्यात मेट्रोच्या भुयारांचा आणि तळघरांच्या खोदाईचा दगड मिळवला, की पुणे किती दगड-माती हलवते हे लक्षात येते.

नियमांची बाजू या तुलनेत बरीच स्पष्ट आहे. केंद्राचे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम मार्च २०१६ मध्ये आले. एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन कचरा निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार भाग वेगळे करावेत, असे त्यांनी सांगितले. महापालिका आणि सरकारी कामांत दहा ते वीस टक्के साहित्य या कचऱ्यापासून बनवलेले असावे, अशी अपेक्षाही त्यांत होती. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने पुनर्प्रक्रियित काँक्रीट खडीला मान्यता दिली: साध्या काँक्रीटमध्ये जाड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के. याच विषयाचे नवे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या या नियमांनी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आपल्या कचऱ्याच्या पुनर्वापराची विस्तारित जबाबदारी टाकली.

या सगळ्यांत २०१६ च्या नियमांतली एक तरतूद फार महत्त्वाची आणि फार दुर्लक्षित राहिली. राज्याच्या जमीनविषयक खात्याने साठवण आणि प्रक्रियेसाठी योग्य जागा द्याव्यात, आणि नगररचना खात्याने त्या मंजूर भूवापर आराखड्यात दाखवाव्यात, म्हणजे प्रकल्पाला दीर्घकाळ धक्का लागणार नाही, असे तिने सांगितले. विकास आराखड्यात बाग, शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र यांना आरक्षण असते, तसे राडारोड्याच्या जागेलाही हवे, असा तिचा सरळ अर्थ. पुणे शहराचा २००७ ते २०२७ या काळाचा विकास आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे हे नियम आल्यानंतर. पण त्याची आखणी कितीतरी आधीची, राडारोडा हा कोणी नियोजनाचा विषय मानत नव्हता तेव्हाची.

प्रत्यक्षात जे उभे राहिले ते शहराच्या कडेला. पुणे महापालिकेचा प्रकल्प वाघोलीत, पिंपरी-चिंचवडचा मोशीत. दोन्ही गावे दगडखाणींची, आणि हा योगायोग नाही. खाणीमुळे मोकळे झालेले खड्डे, क्रशरची वहिवाट आणि वजनदार वाहनांचे रस्ते तेथे आधीपासून होते. खाणीचा दगड आणि शहराचा राडारोडा एकाच ठिकाणी फोडण्याची कल्पना चांगलीच आहे. अडचण अंतराची आहे. वाघोली पूर्वेला, मोशी उत्तरेला. सिंहगड रस्ता, कात्रज, कोथरूड, बावधन येथील डंपरला वाघोली गाठायची तर सारे शहर ओलांडावे लागते, तेही अवजड वाहनांना मुभा असलेल्या वेळेत. बाणेरच्या कामाला मोशी जवळची असली, तरी एका महापालिकेतल्या कामाचा राडारोडा दुसरीच्या प्रकल्पात सहज उतरावा, अशी समान दराची आणि समान परवान्याची व्यवस्था नाही. शहराच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला ही पोकळी आहे. मुठा नदी शहरात शिरते ती याच बाजूने.

राडारोडा नदीत का जातो, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच भूगोलात आहे. रात्री डंपर रिकामा करायला नदीकाठ हा सर्वांत जवळचा आणि फुकटचा खड्डा ठरतो. मुळा आणि मुठेच्या पात्रात निळ्या पूररेषेच्या आत असे भराव वर्षानुवर्षे पडत आले आहेत. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी बुडाली, तेव्हा नदीपात्रातला राडारोडा हा चर्चेचा एक मुख्य मुद्दा झाला. ओढे आणि नाले यांची गतही वेगळी नाही. दंड, पथके आणि कॅमेरे यांनी काही डंपर थांबतात. पण जवळ अधिकृत जागा नसेल तर डंपर पुढच्या वळणावर दुसरा उतार शोधतो. नदी वाचवण्याच्या दृष्टीने पाहिले तरी पश्चिमेला आणि दक्षिणेला संकलनाच्या आणि दळण्याच्या जागा देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय दिसतो.

आता हिशेबाची दुसरी बाजू, खाणीची. पुण्याचे काँक्रीट दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे बनते. नदीतल्या वाळूच्या उपशावर निर्बंध वाढत गेले, तशी कच आणि क्रश सँड यांची मागणी वाढली आणि क्रशर डोंगरांकडे सरकले. हा दगड गौण खनिज आहे. त्याचे परवाने, मोजणी आणि स्वामित्वधन जिल्हाधिकाऱ्यांकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर छोट्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू लागली, आणि २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्याने गौण खनिजांचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल करणे आवश्यक झाले. जिल्ह्यात किती दगड आहे, किती काढता येईल, हे त्या अहवालात मांडायचे असते. शहर दरवर्षी पाडून जो दगड परत देते, तो मात्र महापालिकेच्या घनकचरा विभागाच्या हिशेबात. डोंगरातून येणारी खडी ब्रासमध्ये मोजली जाते, इमारतीतून येणारी टनांत. पहिली महसूल खात्याचे उत्पन्न आहे, दुसरी महापालिकेचा खर्च. एकाच साहित्याचे हे दोन हिशेब कोठेच एकत्र येत नाहीत, हे पुणे प्रदेशातल्या चक्रीय बांधकामाचे सर्वांत मोठे दुखणे आहे.

खोदाईतला दगड तर या दोन्हींच्या मध्ये लोंबकळतो. पुण्यातल्या प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले, की पायासाठी खोदलेली माती सरसकट गौण खनिज ठरत नाही. ती पुढे कशासाठी वापरली हे पाहावे लागते. त्याच जागेवर भरावाला वापरली तर एक न्याय, बाहेर नेली तर दुसरा. निर्णय योग्यच होता, पण त्यातून नियोजनासमोर एक काम उभे राहते. एका भूखंडावरचा मुरूम शेजारच्या रस्त्याच्या भरावाला लागत असेल, तर तो लवकर, कायदेशीर आणि कमी खर्चात तिथे पोहोचावा, अशी नोंद आणि जागा कोणीतरी ठेवायला हवी. दरांच्या बाबतीतही असाच पेच आहे. राज्य सरकारने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले आणि तिच्यावरचे स्वामित्वधन ब्रासमागे ६०० रुपयांवरून २०० रुपयांवर आणले. नदीसाठी ते हिताचे आहे. मात्र डोंगर फोडून केलेली वाळू स्वस्त होते तेव्हा राडारोड्यातून धुऊन काढलेल्या वाळूला तिच्याशी स्पर्धा करणे आणखी कठीण जाते. सवलत द्यायचीच तर आधी तिला द्यायला हवी.

प्रादेशिक सहकार्याचा कायदेशीर पाया महाराष्ट्रात जुना आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या चौदाव्या कलमात प्रादेशिक योजनेने निवासी, औद्योगिक, शेती, वन यांच्याबरोबर खनिज काढण्यासाठीच्या जमिनींचीही विभागणी करावी असे म्हटले आहे. म्हणजे खाण हा नियोजनाचा विषय आहे हे या कायद्याने सहा दशकांपूर्वीच मानले. पुणे प्रदेशाची प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. पालिकांना आणि पंचायतींना समान हिताच्या बाबी, पाणी आणि नैसर्गिक साधनांची वाटणी एकत्र बसून ठरवता यावी हा तिचा हेतू. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, मार्च २०१५ मध्ये स्थापन झाले आणि सुमारे सात हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश त्याच्याकडे आला. नियोजन समितीच्या निवडणुका २०२१ मध्ये झाल्या. त्याच वर्षी पीएमआरडीएने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. साधने आहेत, संस्था आहेत. संपूर्ण प्रदेशाचा नवा आराखडा नाही.

या काळात हद्दीही हलत राहिल्या. २०१७ मध्ये ११ गावे आणि जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. क्षेत्र ५१८ चौरस किलोमीटरवर गेले. वाघोली या २३ गावांतले. कालपर्यंत शहराबाहेरचे खाणीचे गाव आज शहराचा भाग आहे, आणि तेथे आज हजारो कुटुंबे सदनिकांत राहतात. क्रशरची धूळ आणि डंपरची वर्दळ त्यांना नको असणे स्वाभाविक आहे. शहराच्या कडेला म्हणून ठरवलेली जागा दहा वर्षांत मध्यात येते. तिच्याभोवती राखीव पट्टा आधीच आखला नाही, तर पुढचे ठिकाण आणखी दूर जाते आणि राडारोड्याचा प्रवास आणखी लांबतो.

शेजारच्या गावांचा विश्वास हा या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्याचे कारण उरुळी देवाची व फुरसुंगी. १९९१ पासून पुण्याचा कचरा या गावांच्या शिवारात टाकला गेला. विहिरींचे पाणी बिघडले, आंदोलने झाली, गाड्या अडवल्या गेल्या. २०१७ मध्ये ही दोन्ही गावे महापालिकेत आली, पुढे बाहेर पडली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. शहराची घाण आणि गावाची जमीन, हे समीकरण पुणे जिल्ह्यातल्या गावांनी भोगलेले आहे. राडारोडा कचऱ्यासारखा कुजत नाही, त्याला वास नाही. तरी गावाला हे सांगून भागणार नाही. झाकलेले पट्टे, पाण्याचे फवारे, रस्त्याची वेगळी दुरुस्ती, प्रकल्पाच्या शुल्कातला ग्रामपंचायतीचा ठरलेला वाटा आणि किती वर्षांनी जागा परत मिळेल याची लेखी तारीख, एवढे तरी आराखड्यातच असावे लागेल. खाणीतल्या माणसांचाही विचार यात आहे. पुण्याभोवतालच्या दगडखाणींत वडार आणि इतर स्थलांतरित कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला. त्यांच्या मुलांसाठी वाघोली परिसरात संतुलन संस्थेने पाषाण शाळा चालवल्या. डोंगराऐवजी शहर फोडून खडी मिळू लागली, तर त्या नव्या कामात पहिला हक्क या हातांचा असला पाहिजे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आणि तिच्यातून पुढे आलेली स्वच्छ सहकारी संस्था यांनी कचरावेचकांना शहराच्या व्यवस्थेत स्थान मिळवून दिले, हा पुण्याचाच धडा आहे.

अन्यत्र काय झाले हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. मुंबई महापालिकेने दहिसर आणि शिळफाटा येथे प्रत्येकी दिवसाला ६०० टनांचे प्रकल्प उभारले. शिळफाटा तर मुंबईच्या हद्दीबाहेर ठाणे जिल्ह्यात. हद्दीपलीकडे जागा मिळू शकते, हे त्यातून दिसते. राखेचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिघातल्या वीटभट्ट्यांना राख वापरणे बंधनकारक केले. पुढे हा परीघ १०० आणि नंतर ३०० किलोमीटर झाला. भूगोलावर आधारलेली चक्रीय सक्ती भारतात नवी नाही. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकापासून शेजारचे जिल्हे खडीच्या मागणी-पुरवठ्यासाठी एकत्रित गटांत बसतात, आणि तेथील स्थानिक नियोजन संस्था दरवर्षी खडीचा जो ताळेबंद मांडतात, त्यात पाडकामातून मिळणारी खडीही धरली जाते. नवी खाण किती लागेल हे त्यानंतर ठरते. लंडनच्या २०२१ च्या आराखड्याने मोठ्या प्रकल्पांकडून बांधकामापूर्वीच चक्रीय निवेदन मागितले: काय पाडणार, काय टिकवणार, उरलेले कोठे जाणार. झुरिकने शाळांसारख्या सार्वजनिक इमारतींत पुनर्प्रक्रियित खडीचे काँक्रीट वापरून खासगी बिल्डरांचा संशय घालवला.

पुणे प्रदेशासाठी यातून जे घेता येईल त्यात पहिले स्थान एकत्रित ताळेबंदाचे. जिल्हा सर्वेक्षण अहवालात शहरातून परत मिळणाऱ्या खडीचे प्रकरण जोडले आणि खाणीचे नवे पट्टे त्याच्या पुढे ठेवले, तर महसूल आणि महापालिका एका कागदावर येतील. त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. दुसरे म्हणजे प्रदेशात सहा-सात संकलन व प्रक्रिया केंद्रे, शहराभोवतालच्या रिंगरोडच्या आखणीशी जोडलेली, आणि कोणत्याही हद्दीतल्या डंपरला खुली. शक्य तेथे ती संपलेल्या खाणींत असावीत. दक्षिण आणि पश्चिमेचे केंद्र यात आधी यावे. तिसरे काम नियमावलीचे. डिसेंबर २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली राज्याच्या बहुतेक भागाला लागू आहे, तेव्हा पाडकामाच्या परवानगीला साहित्याची यादी आणि पोहोच-पावती जोडणारे एक कलम बहुतेक हद्दींत एकदम लागू होऊ शकते. भोगवटा प्रमाणपत्र त्या पावतीशी बांधले, की डंपर नदीकडे वळण्याचे कारण उरत नाही. आणि खरेदी: पदपथांचे ब्लॉक, रस्त्याचा पाया, भराव, हलके काँक्रीट यांत दोन्ही महापालिका, पीएमआरडीए आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांनी समान टक्का आणि समान दरसूची ठेवली, तर प्रकल्पांना रोजचे गिऱ्हाईक मिळेल. आज माल तयार होऊनही पडून राहण्याची भीती हीच नव्या प्रकल्पांची खरी अडचण असते.

प्रदेशाचा आराखडा नव्याने व्हायचा आहे. तो प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती आणि सूचनांची मुदत कायद्याने मिळेल. गावांनी, नदीप्रेमी संस्थांनी आणि वास्तुविशारदांनी त्या मुदतीत राडारोड्याच्या जागा नकाशावर मागाव्यात. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना तोवर थांबण्याचेही कारण नाही: विकसकाशी करारनामा करतानाच आपल्या जुन्या इमारतीचा राडारोडा कोणत्या प्रकल्पात जाणार हे त्यात लिहून घ्यावे, आणि प्रत्येक डंपरची पावती मागावी.